कारखान्याचा टर्बो की मागाहून जोडलेला टर्बो?

मोटारगाडी हा आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांच्या अधिकारातला विषय नव्हे, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. परंतु प्रश्न दोन मालांतून एक निवडण्याचा असला, की तो आमच्या धंद्याजवळ येतो. आमचा एक भाचा कॅलिफोर्नियात नोकरीस आहे. त्यास माझ्दा कंपनीची एमएक्स-5 ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स गाडी जुन्या बाजारातून घ्यावयाची आहे, आणि तीही टर्बोची. "मामा, कारखान्यातूनच टर्बो बसून आलेली घेऊ, की साधी घेऊन मागाहून टर्बो बसवू? तुम्ही काय म्हणता?" असे त्याने विचारले. रकमेचा काही भाग आमच्याकडून उसना जावयाचा असल्याने आम्हांस विषयाचा अभ्यास करणे भाग पडले.

टर्बो ही वस्तू मुळात व्यापाऱ्याला आवडावी अशीच आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वाया जातो. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र बसवावयाचे, आणि त्याकरवी बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची. हवा अधिक गेली म्हणजे पेट्रोलही अधिक जाळता येते व तेवढ्याच इंजिनातून अधिक शक्ती निघते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट 1905 सालीच घेतले होते. कोंडा विकून दुकानाचे भाडे निघावे, तसा हा प्रकार!

परंतु हे उत्पन्न सर्वस्वी फुकट नसते. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे टोक गरम झालेले कोणी पाहिले नाही? तापलेल्या हवेमुळे पेट्रोलाचे मिश्रण वेळ येण्यापूर्वीच भडकते आणि इंजिन आतून ठोके मारू लागते. गॅरेजवाले यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टन फुटावयास वेळ लागत नाही. शिवाय ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात, त्यामुळे त्यांस तेल स्वच्छ व वेळेवर मिळाले पाहिजे. वाढलेली शक्ती पुढे क्लच, गिअर आणि चाकांचे दांडे यांच्यावर येऊन पडते, ती निराळीच.

कारखाना या सर्वांचा हिशेब एकत्र मांडतो. माझ्दाने 2004 व 2005 या दोन सालांकरिता अमेरिकेत माझ्दास्पीड नावाची टर्बो एमएक्स-5 विकली. त्याच काळातल्या साध्या गाडीची शक्ती 142 अश्वशक्ती होती, हिची 178. हा फरक केवळ टर्बो बसवून आलेला नाही. साध्या इंजिनात मिश्रण दहास एक या प्रमाणात दाबले जाई, ते नॉकिंगच्या भयाने साडेनवास एक असे उतरवले. हवा थंड करणारा इंटरकूलर दिला, क्लच मजबूत केला, सहा गिअरांची पेटी व कडक स्प्रिंगा दिल्या. एक वाढवले म्हणून बाकीचे सांभाळले.

येथे आम्हांस आमचीच फजिती आठवते. डाळमिलीचे उत्पादन वाढावे म्हणून आम्ही एकदा जुनी मोटर काढून मोठी बसवली आणि वेग वाढवला. शाफ्ट, बेअरिंग, पट्टा सर्व जुनेच. पंधरवडाभर पोती भराभर बाहेर पडली. मग बेअरिंग जळाले, आणि पाहतो तो डाळीपेक्षा चुरीच अधिक झालेली. मिस्त्रीने आधी बजावले होते. आम्ही ऐकले नव्हते.

मागाहून बसवावयाच्या संचाची किंमत ऐकताना हेच विसरते. संचात टर्बो, नळ्या, इंटरकूलर, पेट्रोलाची नवी इंजेक्टरे व नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक पेटी असते. पुढे सोसावा लागणारा क्लच, मोठा रेडिएटर, जाणत्या कारागिराकडून करावयाची जुळणी आणि विमा कंपनीस द्यावयाची माहिती यांचा खर्च त्या किमतीत नसतो. याउलट संचाचे गुणही मान्य केले पाहिजेत. नीट जुळवलेला संच दोनशे अश्वशक्तींच्याही वर जातो, हवा तेवढाच दाब ठेवता येतो, आणि साधी एमएक्स-5 मिळते मुबलक.

केवळ कारखान्याचा शिक्का पाहून भुलू नये, हेही खरे. ओल्ड्‌समोबिल कंपनीने 1962 मध्ये जेटफायर ही टर्बोची गाडी काढली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचा द्रव वेगळ्या टाकीतून द्यावा लागे. गिऱ्हाइके तो भरावयास विसरत. मग झडप दाब कमी करी आणि गाडी मलूल पडे. अखेर 1965 मध्ये टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची योजना कंपनीनेच काढली. चूक झाली, पण गिऱ्हाइकास जावयाला दार होते. उलट इंग्लंडमध्ये 1990 च्या सुमारास ब्रॅक्ली येथील बीबीआर या संस्थेने एमएक्स-5 साठी टर्बोची जोड तयार केली. तिने शक्ती 150 पर्यंत जाई आणि माझ्दाचे तेथील विक्रेते ती हमीसह विकत. तेव्हा जोड मागाहूनची म्हणून वाईट असे नव्हे. मोडल्यास तोटा कोणाच्या खाती पडतो, हे आधी लिहून घेतले पाहिजे.

भाच्याच्या बाबतीत मात्र पेच असा, की 2005 ची गाडी आता वीस वर्षांची झाली. तिची हमी केव्हाच संपली. तोटा झाला तर दोन्हीकडे त्याचाच. मग कारखान्याच्या गाडीत उरते ती भागांची परस्पर जुळणी, आणि दुसरा एक मोठा लाभ. कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांच्या धुराची दर दोन वर्षांनी तपासणी होते. त्यात इंजिनाला जोडलेले भागही पाहतात. मागाहून बसवलेल्या टर्बोस तेथील हवा-संसाधन मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल तर गाडी नापास होते. माझ्दास्पीडला हा प्रश्न येत नाही, कारण तिची मंजुरी टर्बोसह झालेली आहे.

आपल्या मुलांपैकी कोणास इकडे असाच मोह झाल्यास सांगावयास हवे, की 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांस मनाई करते, आणि 2019 च्या दुरुस्तीने अशा अनधिकृत बदलांस प्रत्येकी पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे.

आम्ही भाच्यास माझ्दास्पीड पाहण्यास कळवले, पण चार अटींवर. तेल बदलल्याच्या पावत्या मागाव्या. टर्बोचा दांडा हाताने हलवून खेळतो का ते पाहावे. गार इंजिन चालू करताना निळा धूर निघतो का ते पाहावे. आणि आधीच्या मालकाने हौसेखातर दाब वाढवला होता काय, हे सरळ विचारावे. त्याने आजवर दोन गाड्या पाहिल्या. पहिलीने धूर दाखवला. दुसरीच्या मालकाकडे पावत्या आहेत, परंतु मधल्या तीन वर्षांच्या नाहीत. त्या सापडेपर्यंत आमची रक्कम येथेच आहे.