ताईच्या डब्याची खबर

‘ताईनं डबा खाल्ला का रे? खरं सांग.’ थोरलीचं खाणं भीती वाटावी इतकं कमी झालं, की धाकट्याला बाजूला घेऊन आपण हे विचारतो. काळजीपोटीच विचारतो. पण त्याची पंचाईत बघा. खरं सांगितलं तर ताईशी दगा, खोटं सांगितलं तर आई-बाबांशी.

खाणं असं तुटत जाणं हे अ‍ॅनोरेक्सियाचं लक्षण असू शकतं. ते नखरे नव्हेत, जिवावर बेतू शकणारा आजार आहे. घरच्यांना सोबत घेऊन त्यावर उपचार करायची एक पद्धत १९८०च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आली. तिच्यात कामाची वाटणी स्वच्छ आहे. काय आणि किती वाढायचं, ते पोटात जाईपर्यंत सोबत बसायचं, हे आई-वडिलांचं काम. भावंडानं ताटात लक्ष घालायचं नाही. त्यानं जेवणानंतर पत्ते मांडावेत, मालिकेतल्या सासूची नक्कल करावी, ताई रडली तर शेजारी बसावं. मला तर या पद्धतीतला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

त्याला आजार मात्र नीट समजावून सांगा. ताई हल्ली एवढ्यातेवढ्यावरून अंगावर का येते, हे त्याला कळत नसतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. ताईचा तुटकपणाही बराचसा उपासमारीचा असतो. तिची माया आटलेली नसते.

आणखी एक गोष्ट तो स्वतःहून विचारणार नाही: ‘मी तिला जाडी म्हणायचो, म्हणून झालं का हे?’ तुम्हीच विषय काढा. नुसत्या चिडवण्यानं हा आजार होत नाही, हे स्पष्ट सांगा. चिडवणं मात्र बंद, सगळ्यांचंच. दिवाळीला येऊन ‘किती सुटलीस गं!’ म्हणणाऱ्या आत्यालाही हा नियम लागू.

‘बघ, तो कसा पटापट जेवतो’ हेही नको. अशा घरात धाकटा एकदम समजूतदार होतो, काही मागत नाही, आणि पाहुणे त्याचं कौतुक करतात. मला त्या समजूतदारपणाचीच धास्ती वाटते. आठवड्यातून एखादी संध्याकाळ फक्त त्याची ठेवा, ताईचा विषय न काढता. आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे एकदा त्यालाही न्या. त्याला बरंच विचारायचं असतं. घरात तुमचे चेहरे बघून तो गप्प राहतो.