बातमीची पारख

(आरोग्य, मेंदू आणि प्राणी यांविषयी रोज नवे संशोधन होते आणि त्याच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात. अशा बातम्यांवर आपण घरीदारी बोलतो. ते बोलणे विचारपूर्वक कसे करावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, पूर्वी विज्ञानातील नवी गोष्ट सामान्य माणसापर्यंत पोहोचायला बरीच वर्षे लागत. आता तसे राहिले नाही. सकाळी दूरच्या देशात शास्त्रज्ञांनी काही शोधून काढले, की संध्याकाळी त्याची चर्चा आपल्या मोहल्ल्यातल्या चहाच्या दुकानात सुरू होते. "शास्त्रज्ञ म्हणतात..." असे कोणी म्हटले, की सगळे कान टवकारतात.

ही चर्चा वाईट नाही. उलट, ज्या मोहल्ल्यात लोक विज्ञानावर बोलतात, तो मोहल्ला जागा आहे असे समजावे. पण सराफ चमकणारी प्रत्येक वस्तू सोने म्हणून घेत नाही. तो ती कसोटीवर घासून पाहतो. बातमीलाही अशी कसोटी लावता येते. ती कशी, हे चार ठिकाणच्या बोलण्यांतून पाहू या. ही माणसे तुमच्याच गल्लीतली आहेत असे समजा. नावे तेवढी तुम्ही घाला.

१. प्रयोग कोणावर झाला?

चहाच्या दुकानात दादाजान बसले आहेत. त्यांना मधुमेह आहे. म्हणून ते बिनसाखरेच्या चहात सॅकरीनची गोळी टाकतात. शेजारी बसलेले चाचा म्हणतात, "दादाजान, ती गोळी टाकू नका. तिने कर्करोग होतो. शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे." दादाजानांचा हात थबकतो.

चाचांची बातमी अगदीच खोटी नाही. पण ती अर्धी आहे. भरपूर सॅकरीन खाऊ घातलेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी होतात, असे प्रयोगांत दिसले होते. म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेत सॅकरीनच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापण्याचा कायदा झाला. पण संशोधन तेथेच थांबले नाही. उंदराच्या लघवीची घडण वेगळी असते. तिच्यात सॅकरीनमुळे बारीक खडे तयार होतात आणि ते मूत्राशयाला इजा करतात. माणसाच्या शरीरात तसे घडत नाही, असे पुढे आढळले. तेव्हा २००० मध्ये ती सूचना काढून टाकण्यात आली.

याचा अर्थ प्राण्यांवरचे प्रयोग निरुपयोगी असतात, असा नाही. पुष्कळ औषधांची पहिली परीक्षा प्राण्यांवरच होते. पण ती पहिली पायरी आहे, माडी नव्हे. म्हणून दादाजानांनी चाचांना विचारावे, "हा प्रयोग कोणावर झाला? माणसांवर की उंदरांवर?" आणि आपल्याला ती गोळी चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

२. प्रयोगात खरोखर काय दिसले?

आता घरात येऊ या. खाला पाळण्याची दोरी ओढत आहेत. त्या म्हणतात, "माझी मैत्रीण सांगत होती, बाळाला मोझार्टचे विलायती संगीत ऐकवले की त्याचा मेंदू तल्लख होतो. शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे." नानी हसून म्हणतात, "आम्ही तर लोरीच म्हणत होतो. तुम्ही काय मंद निघालात?"

या बातमीचे मूळ १९९३ सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टचे संगीत ऐकवले. मग त्यांना काही कोडी घातली. घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा प्रकारची ती कोडी होती. संगीत ऐकल्यानंतर त्यांनी ती थोडी अधिक चांगली सोडवली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला.

नीट पाहा. हे विद्यार्थी महाविद्यालयात शिकणारे होते. त्यांत एकही तान्हे बाळ नव्हते. बुद्धी कायमची वाढते, असेही संशोधकांनी म्हटले नव्हते. पण बातमी या तोंडून त्या तोंडी जाताना वाढत गेली. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी असे संगीत पाठवण्यासाठी सरकारी पैसा मागितला! पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्यांना तसा परिणाम आढळला नाही.

संगीत अवश्य ऐकवावे, लोरीही म्हणावी. बाळाशी प्रेमाने बोलावे. पण "मूळ प्रयोगात काय दिसले, आणि दुसऱ्यांनी तो करून पाहिला का?" हे विचारल्याशिवाय बाजारातून काही विकत आणू नये.

३. दुसरे काही कारण असेल का?

शिलाईच्या दुकानात मास्टरजी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवत आहेत. एक कुत्रा भुंकून बेरजेची उत्तरे देतो आहे. "पाहा, जनावरालाही गणित येते!" मास्टरजी म्हणतात. काज करणारा मुलगा म्हणतो, "मास्टरजी, मालक बाहेर गेला तरी त्याला येते का?" किती चांगला प्रश्न! हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका संशोधकाने विचारला होता.

जर्मनीत बर्लिन येथे फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या घोड्याचे नाव हान्स. गणित घातले, की हान्स उत्तराइतक्या वेळा खूर आपटत असे. १९०४ मध्ये जाणकारांच्या मंडळाने तपासणी केली. त्यांना कोणतीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंगस्ट नावाच्या संशोधकाने वेगळी युक्ती केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, असे त्याने केले. कधी घोड्याला विचारणारा दिसू नये, अशी व्यवस्था केली. आणि काय आश्चर्य! हान्सचे गणित चुकू लागले.

तेव्हा उलगडा झाला. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होत असे. हान्स ती हालचाल पाहून खूर थांबवत असे. मालक लबाड नव्हता. त्यालाही हे ठाऊक नव्हते. घोड्याला गणित येत नव्हते, पण माणसाचा चेहरा आणि मान त्याला वाचता येत होती. ही काही लहान हुशारी नव्हे!

१९०७ मध्ये फुंगस्टने हे सारे प्रसिद्ध केले. तेव्हापासून प्राण्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ स्वतःच्या हालचालींवरही नजर ठेवू लागले.

४. किती जणांवर? तुलना कोणाशी?

आता आरोग्य केंद्राच्या बाहेर चला. आज लसीकरणाचा दिवस आहे. रांगेत एक आई नऊ महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन उभी आहे. तिची जाऊ म्हणते, "परत चला, भाभी. गोवराच्या लसीने मुलांचा मेंदू बिघडतो, असे विलायतेच्या डॉक्टरने लिहिले आहे." आईचे पाऊल मागे वळते.

मुलांनो, येथे आपण थांबून विचार केला पाहिजे, कारण येथे एका बाळाचा जीव पणाला लागला आहे.

१९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या इंग्लंडमधील डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असा संशय त्यामुळे पसरला. त्या लेखात मुले किती होती? फक्त १२. तुलनेसाठी निरोगी मुलांचा गट होता का? नव्हता. तरीही बातमी जगभर गेली आणि इंग्लंडमध्ये पुष्कळ पालकांनी लस देणे थांबवले.

ब्रायन डीअर या पत्रकाराने पुढे या प्रकरणाचा छडा लावला. लस बनवणाऱ्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळाले होते. मुलांच्या नोंदींतही फेरफार आढळले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला. त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले.

आता दुसऱ्या बाजूचे संशोधन पाहा. डेन्मार्कमध्ये ५ लाख ३७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतील ४ लाख ४० हजारांहून अधिक मुलांना लस दिलेली होती, बाकीच्यांना दिलेली नव्हती. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचा धोका अधिक नव्हता. हे संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकीकडे १२ मुले आणि दुसरीकडे ५ लाख. तराजूचे कोणते पारडे जड आहे, हे सांगायला नको.

मग त्या पालकांना तसे का वाटले? मूल साधारण वर्ष-दीड वर्षाचे झाले, की स्वमग्नतेची लक्षणे घरच्यांच्या लक्षात येऊ लागतात. लस देण्याचे वयही जवळपास तेच असते. एका मागोमाग दोन गोष्टी घडल्या, की पहिली दुसरीचे कारण आहे, असे आपल्याला वाटते. कोंबडा आरवल्यावर उजाडते. पण कोंबड्यामुळे सूर्य उगवत नाही.

आणि मेंदूला धोका खरा कशाचा आहे? गोवराचाच! गोवर झालेल्या साधारण हजार मुलांपैकी एकाच्या मेंदूला सूज येते. हा आजार इतका वेगाने पसरतो, की रोग्याच्या सहवासातील लस न घेतलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो होऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी भागात गोवराची साथ आली होती. भिवंडी आणि मालेगाव येथेही ती पसरली. काही लहान मुले दगावली. आजारी मुलांत लस न घेतलेली पुष्कळ होती.

रांगेतल्या त्या आईने जावेला एवढेच विचारावे, "ती मुले किती होती? त्यांची तुलना कोणाशी केली?" शंका उरली तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावे. ही लस सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयात आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात देतात.

नवे ते सगळेच खोटे नव्हे

हे वाचून एखादा म्हणेल, "मग नव्या बातमीवर विश्वासच ठेवू नये." नाही, मुलांनो, असेही करू नका. पोटात व्रण होतो तो चिंतेमुळे आणि तिखट खाण्यामुळे, असे पूर्वी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी सांगितले, की त्यामागे बहुधा एक जिवाणू असतो. त्यांचे म्हणणे पुष्कळांना पटेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जिवाणू स्वतःच पिऊन घेतले. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. हे धाडस तुम्ही-आम्ही करण्याजोगे नव्हे! शिवाय एका माणसावरच्या प्रयोगाने जगाने लगेच मान्यता दिली नाही. अनेक देशांत अनेक रोग्यांवर तपासणी झाली, जिवाणू मारणाऱ्या औषधांनी व्रण बरे झाले, तेव्हा ते मान्य झाले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

खरे संशोधन प्रश्नांना घाबरत नाही. म्हणून आज घरी कोणी "शास्त्रज्ञ म्हणतात" असे म्हणाले, तर त्यांची चेष्टा करू नका. वडीलधाऱ्यांना अदबीने विचारा: प्रयोग कोणावर झाला? त्यात खरोखर काय दिसले? दुसरे काही कारण असेल का? किती जणांवर झाला आणि तुलना कोणाशी केली? तुम्ही शाळेत शिकता. आजी-आजोबांना पेपर वाचून दाखवणारे तुम्हीच आहात. बातमी वाचून दाखवाल, तेव्हा हे प्रश्नही त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

शब्दार्थ

संशोधन – तहकीक
पारख – परख, जाँच
मेंदू – दिमाग
तल्लख – तेज, जहीन
लस – टीका
गोवर – खसरा
साथ – वबा
जिवाणू – जरासीम
जठर – मेदा
नियतकालिक – रिसाला
स्वमग्नता – मूल आपल्यातच गुंतून राहते, इतरांशी बोलणे-मिसळणे त्याला कठीण जाते अशी मेंदूच्या वाढीतील स्थिती
कान टवकारणे – लक्षपूर्वक ऐकणे
पणाला लागणे – धोक्यात येणे
छडा लावणे – शोधून काढणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सॅकरीनच्या पाकिटावरील सूचना कोणत्या वर्षी काढण्यात आली?
(आ) हान्स खूर आपटणे केव्हा थांबवत असे?
(इ) 'लॅन्सेट'मधील लेखात किती मुले होती?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोझार्टच्या संगीताची बातमी कशी वाढत गेली?
(आ) 'कोंबड्यामुळे सूर्य उगवत नाही' या वाक्यातून लेखकाला काय सांगायचे आहे?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
कान टवकारणे, छडा लावणे, पणाला लागणे

प्र. ४. वचन बदला.
गोळी, प्रयोग, घोडा, लस, पायरी

उपक्रम : वर्तमानपत्रातील आरोग्यविषयक एक बातमी कापून वहीत चिकटवा. पाठातील चार प्रश्नांपैकी किती प्रश्नांची उत्तरे त्या बातमीत मिळतात, ते तिच्याखाली लिहा.