पेरणीपूर्वी ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीची गळती : शोध, दुरुस्ती आणि दक्षता

खानदेशात आखाजीपासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ ट्रॅक्टरच्या सर्वाधिक कामाचा असतो. पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या काळ्या जमिनीची खोल नांगरट, ढेकळे फोडण्यासाठी रोटाव्हेटरच्या पाळ्या, रावेर, यावल व चोपडा तालुक्यांत मृगबागेच्या केळीसाठी जमीन तयार करणे, आणि अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, शिरपूर या पट्ट्यात कपाशीच्या लागवडीची पूर्वतयारी ही कामे याच काळात एकामागून एक येतात. अशा वेळी डिझेलची टाकी गळू लागली, तर शेतकरी बहुधा टाकीखाली डबा ठेवून काम रेटतो, किंवा टाकी रिकामी करून ती थेट वेल्डिंगच्या दुकानात नेतो. परंतु यातील पहिला मार्ग नुकसानीचा आहे आणि दुसरा, योग्य काळजी न घेतल्यास, जिवावर बेतणारा आहे.

गळतीमुळे होणारे नुकसान थेंबाथेंबाने होत असल्याने ते सहसा लक्षात येत नाही. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसरात्रीच्या २४ तासांत ८६,४०० थेंब गळतात, आणि हिशेबासाठी ४० थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तरी दिवसाला दोन लिटरहून अधिक, म्हणजे महिन्याला सुमारे ६५ लिटर, अर्थात जवळजवळ एक पूर्ण टाकी डिझेल मातीत जाते. त्याहून गंभीर बाब अशी की तापलेल्या सायलेन्सरवर किंवा आवरण उडालेल्या वायरवर पडलेले डिझेल पेट घेऊ शकते, आणि भाव वाढण्याच्या आशेने कापूस घरात वा खळ्यात साठवलेला असताना, शेजारी कडब्याची गंजी असताना, तेथेच गळका ट्रॅक्टर उभा करणे म्हणजे वर्षभराची कमाई आगीच्या तोंडाशी ठेवण्यासारखे आहे.

टाकीची रचना आणि गळतीची कारणे

मध्यम अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची टाकी साधारण ४५ ते ६५ लिटरची असून ती पातळ पोलादी पत्र्याचे दोन भाग कडेने सांधून तयार केलेली असते. काही नव्या ट्रॅक्टरांना मात्र प्लास्टिकची टाकी येते. टाकीच्या आत डिझेल हेलकावू नये म्हणून आडव्या पट्ट्या असतात, तळाशी पाणी व गाळ काढण्यासाठी ड्रेन प्लग असतो, डिझेल बंद-चालू करण्यासाठी कॉक असतो, इंजेक्टरमधून उरलेले डिझेल परत आणणारी रिटर्न पाइप वरच्या बाजूस जोडलेली असते, आणि झाकणाला हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते. टाकी ज्या पट्ट्यांनी चेसिसवर आवळलेली असते, त्या पट्ट्यांखाली रबराची किंवा नमद्याची गादी असते, आणि टाकीचे आयुष्य बऱ्याच अंशी या गादीवरच अवलंबून असते.

उन्हाळ्यात काळी जमीन वाळून भेगाळते व तिची ढेकळे दगडासारखी कठीण होतात, त्यामुळे नांगरटीच्या वेळी बसणारे हादरे टाकीच्या सांध्यांवर व आधारपट्ट्यांवर येतात. गादी झिजलेली असल्यास पट्टी थेट पत्र्यावर घासते आणि त्या जागी पत्रा कागदासारखा पातळ होऊन अखेर फुटतो. दुसरे मोठे कारण आतून लागणारा गंज हे आहे. डिझेल पाण्याहून हलके असल्याने झाकणातून शिरलेले पावसाचे पाणी, तसेच अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने साचलेला दमटपणा तळाशी जाऊन बसतो, आणि ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे उभा राहिला की तळाचा पत्रा आतून कुरतडला जाऊन सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. बाहेरून रंग शाबूत दिसत असल्याने हा गंज उशिरा कळतो.

मात्र टाकी गळते असे वाटणारी प्रत्येक गळती पत्र्याची नसते. ड्रेन प्लगचा किंवा पाइपच्या जोडाचा तांब्याचा वॉशर चेपलेला असणे, कॉकच्या दांड्याजवळील पॅकिंग सुकलेले असणे, इंजिनच्या उष्णतेने रबरी नळी तडकलेली असणे, किंवा गेजच्या फ्लोटखालील गॅस्केट फाटलेले असणे ही कारणेही तितकीच आढळतात, आणि त्यांची दुरुस्ती थोड्या पैशांत व आगीशी संबंध न येता होते. डिझेल तापल्यावर प्रसरण पावते हेही लक्षात घ्यावे. ६० लिटर डिझेलचे तापमान २० अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे एक लिटरने वाढते, म्हणून सकाळी गळ्यापर्यंत भरलेली टाकी दुपारी उन्हात झाकणातून ओसंडली, तर तो टाकीचा दोष नसतो.

गळतीचे नेमके ठिकाण शोधणे

डिझेल पत्र्यावरून पसरत खाली येते, त्यामुळे थेंब जेथून पडतो तेथेच छिद्र असते असे नाही. शोध घेण्यासाठी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टाकीची बाहेरची बाजू, जोड आणि नळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात, आणि त्यावर खडूची बारीक पूड किंवा चाळलेली राख फडक्याने हलकेच लावावी. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर ओलसर, काळपट रेघ उमटते. ती रेघ खालून वर शोधत गेल्यास तिचे सर्वांत वरचे टोक म्हणजेच गळतीचे ठिकाण होय. टाकी पूर्ण भरलेली असतानाच गळत असेल आणि अर्धी झाल्यावर थांबत असेल, तर दोष वरच्या अर्ध्या भागात, गेजच्या किंवा झाकणाच्या बाजूस आहे असे समजावे.

ओल जोडाजवळ आढळल्यास प्रथम नट आवळून पाहावा, परंतु जोर लावून पिळू नये, कारण पातळ पत्र्यावर बसवलेली बुशी फिरली की नवीच गळती सुरू होते. तांब्याचा वॉशर व रबरी नळी बदलतानाही टाकीतील डिझेल आधी काढून घ्यावे, आणि नळी डिझेलसाठी बनवलेलीच घ्यावी. पाण्याच्या साध्या नळीचे रबर डिझेलने फुगून मऊ पडते.

रिकामी टाकी निर्धोक नसते

पत्राच फुटलेला असल्यास सांधकाम करावे लागते, आणि येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचे निराकरण आवश्यक ठरते. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, आणि टाकी तर रिकामी केली आहे, म्हणून ज्योत लावण्यास हरकत नाही, असा तो समज आहे. वास्तविक द्रव डिझेल जळत नसून त्याची वाफ जळते. ज्या तापमानाला इंधनावर पेट घेण्याजोगी वाफ जमते, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात, आणि भारतीय मानकानुसार डिझेलसाठी त्याची किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. जळगाव व धुळ्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या ट्रॅक्टरचा पत्रा त्याहूनही तापतो, म्हणजेच खानदेशच्या उन्हाळ्यात ही मर्यादा टाकीने ठिणगी पडण्यापूर्वीच ओलांडलेली असू शकते.

भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत मात्र भरपूर हवा आणि भिंतींवर, सांध्यांत व गंजाच्या पापुद्र्याखाली चिकटलेले डिझेल असे दोन्ही घटक एकत्र येतात. ज्योत बाहेरून लावली तरी पत्रा आतून काही क्षणांत शेकडो अंश तापतो, चिकटलेल्या डिझेलची वाफ होते, आणि कोंडलेल्या जागेत ती पेटल्यावर टाकीचा पत्रा बॉम्बसारखा फाटतो. वास येत नाही, टाकी दोन दिवस उघडी होती किंवा ती एकदा पाण्याने विसळली आहे, यांपैकी कोणतीही गोष्ट सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

टाकी उतरवणे आणि धुणे

हे काम सकाळच्या गारव्यात, मोकळ्या जागी, चूल, बिडी आणि चालू विजेची मोटार यांपासून दूर करावे. प्रथम बॅटरीची ऋण वायर सोडवावी, कोरडी वाळू जवळ ठेवावी, कारण पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतल्यास आग पसरते, आणि नंतर ड्रेन प्लगमधून डिझेल स्वच्छ डब्यात काढून घ्यावे. यातील सुरुवातीचे ग्लासभर डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवल्यास तळाशी पाण्याचा वेगळा थर व त्यात तांबूस गाळ दिसतो, आणि तो दिसल्यास गंज आतून लागला आहे हे निश्चित होते. नळ्या, कॉक, झाकण, जाळी आणि गेजचा फ्लोट काढून, पट्ट्या सोडवून टाकी खाली घ्यावी.

पोलादी टाकी गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्याने आतून धुवावी; पाणी निम्म्यापर्यंत भरून, तोंडे तात्पुरती बंद करून, टाकी सर्व बाजूंनी हलवावी, पाणी ओतून टाकावे, आणि निघणाऱ्या पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसेनासा होईपर्यंत हीच कृती पुनःपुन्हा करावी. आत गंजाचे खपले असल्यास मूठभर जुने नट घालून हलवल्याने ते सुटतात, मात्र शेवटी हे नट मोजून बाहेर काढावेत. धुण्यासाठी पेट्रोल कधीही वापरू नये, कारण ते शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. धुतलेले पाणी विहिरीजवळ, पाटात किंवा नाल्यात जाऊ देऊ नये.

सांधकाम

धुतलेल्या टाकीवर ज्योतीचे काम करण्यापूर्वी ती पाण्याने भरावी, आणि दुरुस्तीची जागा वरच्या बाजूस येईल अशी ठेवून पाण्याची पातळी त्या जागेच्या अगदी खालपर्यंत आणावी. असे केल्याने टाकीत वाफ कोंडण्यास जागाच उरत नाही. मात्र तयार होणारी पाण्याची वाफ बाहेर पडण्यासाठी टाकीचे तोंड उघडेच ठेवणे अनिवार्य आहे. ही एक कृती केल्यावाचून कोणत्याही मिस्त्रीला टाकीला ज्योत लावू देऊ नये, आणि वेळेची सबब सांगून ती टाळली जात असल्यास टाकी परत आणावी.

छिद्र बारीक आणि भोवतालचा पत्रा भक्कम असेल, तर डाख लावणे पुरेसे होते. डाख लावणे म्हणजे कथिल व शिसे यांची सुमारे २०० अंशांच्या आत वितळणारी मिश्रधातू जोडावर बसवणे. हे काम दूर तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने होत असल्याने टाकीजवळ ज्योत आणावी लागत नाही, परंतु टाकी धुण्यापासून सूट त्यामुळेही मिळत नाही. सांधा फाटलेला असल्यास ब्रेझिंग, म्हणजे पत्रा न वितळवता त्यावर पितळी कांडी वितळवून सांधणे, हा योग्य मार्ग असून त्याचा जोड हादरे सोसतो. आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा जळून छिद्र मोठे होते, म्हणून ते टाळावे. ठिगळ लावायचे असल्यास ते साध्या पोलादी पत्र्याचे असावे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापवल्यावर विषारी धूर सोडतो, शिवाय डिझेलचा जस्ताशी संपर्क फिल्टर व इंजेक्टरला अपायकारक ठरतो. पत्र्यावर बोटाने दाबताच तो चेपत असेल किंवा छिद्रे अनेक ठिकाणी असतील, तर सांधकामावर खर्च न करता टाकी बदलणे हितावह होय.

पेरणी ऐन भरात असताना काही दिवस निभावून नेण्यासाठी दोन भागांची एपॉक्सी लुगदी, म्हणजे बाजारात एम-सील या नावाने ओळखली जाणारी वस्तू, उपयोगी पडते. मात्र पातळी छिद्राखाली आणून, रंग व गंज घासून, जागा पूर्ण कोरडी करूनच ती लावावी आणि पाकिटावर सांगितलेला वेळ तिला वाळू द्यावे. ओल्या जागेवर लावलेली लुगदी हादऱ्यांनी सुटते. वावरातून घरापर्यंत येण्यासाठी कपडे धुण्याचा वडीचा साबण छिद्रावर घट्ट घासला तरी गळती तेवढ्यापुरती थांबते, कारण साबण डिझेलमध्ये सहजी विरघळत नाही. प्लास्टिकच्या टाकीवर मात्र एपॉक्सी नीट धरत नाही. तिच्यासाठी त्याच जातीच्या प्लास्टिकचे उष्ण सांधकाम करणारा जाणकार कारागीर लागतो, आणि तो नसल्यास नवी टाकी बसवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

पुन्हा बसवणे आणि पावसाळ्यातील निगा

दुरुस्तीनंतर टाकीची तोंडे बंद करून, सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरून, जोडावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे न आल्यास जोड पक्का समजावा. कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, कारण तिच्या दाबाने टाकी फुगून सांधे उकलतात. टाकी उन्हात पूर्ण वाळवून, थोड्या डिझेलने आतून विसळून, पट्ट्यांखाली नवी रबरी गादी घालून बसवावी, तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि डिझेल फिल्टर बदलावा. नळ्यांत शिरलेली हवा, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेतील एअर, काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू ढिला करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आल्यावर स्क्रू आवळावा, आणि हीच कृती इंजेक्शन पंपावर करावी.

पावसाळ्यात टाकीत पाणी साचू नये म्हणून ट्रॅक्टर उभा करण्यापूर्वी संध्याकाळी टाकी भरावी, पण प्रसरणासाठी वर थोडी जागा सोडावी. झाकणाचे रबर व हवेचे छिद्र तपासून त्यातील धूळ काढावी. आणि आठवड्यातून एकदा, ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यानंतर सकाळी, ड्रेन प्लग किंचित सैल करून तळाचे पाणी काढून टाकावे. या पाच मिनिटांच्या कामामुळे पत्र्याचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढते.

मृगाचा पाऊस पडून वाफसा आल्यावर एक दिवसही वाया जाऊ नये असे प्रत्येकाला वाटते, आणि ते रास्तही आहे. तथापि त्या घाईत टाकी धुऊन व पाण्याने भरून घेण्यास वेळ नसेल, तर त्या दिवसापुरता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने लावावा. भाड्याचे पैसे पुढच्या हंगामात भरून निघतात, पण न धुतलेल्या टाकीला लावलेल्या ज्योतीने गेलेला माणूस परत येत नाही.