मोठी दुर्बीण आणि आपले आकाश

दुर्बीण म्हणजे लहान वस्तू मोठी करून दाखविणारे यंत्र, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नव्हे, परंतु अपुरा आहे. तारे इतके दूर आहेत की कितीही मोठे करून पाहिले तरी बहुतेक सर्व ठिपकेच राहतात. मोठ्या दुर्बिणीचे मुख्य काम प्रकाश गोळा करण्याचे होय. बारामती-इंदापूरकडील वाचकांस हे समजणे कठीण जाऊ नये. आपल्याकडे पाऊस बेताचाच. पण अंगणात एक वाटी आणि शेजारी गुऱ्हाळातील काहील उघडी ठेविली, तर सर येऊन गेल्यावर पाणी कशात अधिक साठेल, हे कोणास विचारावे लागत नाही. डोळ्याची बाहुली ही वाटी आणि दुर्बिणीचा आरसा ही काहील. अंधारात बाहुली फार तर ७ मिलिमीटर रुंदावते. २० इंच व्यासाचा आरसा तिच्या सुमारे ५,००० पट प्रकाश घेतो.

२० इंचांचा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. एवढ्या आरशाची दुर्बीण एके काळी पुण्यातच होती. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांची देणगी आणि मुंबई सरकारचे साह्य यांतून तेथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. ती १८८८ पासून प्रो. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी चालविली. त्या काळी हिंदुस्थानात याहून मोठी दुर्बीण नव्हती.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची छाया विजयदुर्गाच्या बाजूने कोकणात शिरून ईशान्येकडे नागपूरच्या रोखाने जावयाची होती, आणि नेगमवाला यांनी आपला तळ जेऊर येथे दिला. जेऊर म्हणजे भीमेपलीकडील करमाळे तालुक्यातील गाव, इंदापूरकरांचा शेजारच. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल हेही ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन, साता समुद्रांपलीकडून त्याच माळावर आले. एवढा खटाटोप कशासाठी? भर दुपारच्या सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी! सूर्याभोवतीचे तेजोवलय त्या काळी खग्रास ग्रहणावाचून दिसत नसे. त्याचा प्रकाश वर्णपटात उलगडून छायाचित्रात धरिला की सूर्याच्या वातावरणात काय आहे, हे ताडता येते. ग्रहण लागले की स्नानास निघणाऱ्या मुलखात त्याच घटकेस वेध घेणारी माणसे येऊन बसली, ही गोष्ट लहान नव्हे.

१९१२ साली नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली व यंत्रे कोडाईकनालला गेली. एका मनुष्याच्या खांद्यावर उभे असलेले काम असेच कोसळते, असे आम्हांस वाटते.

पुणे जिल्ह्यास पुन्हा मोठी दुर्बीण मिळाली ती कित्येक दशकांनी, आणि तीही निराळ्याच जातीची. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील दुर्बीण प्रकाश पाहत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकते. प्रो. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरल्या आहेत आणि त्या मिळून एकच यंत्र होतात. थाळ्यांना पत्रा नाही. बारीक तारेची जाळी आहे. रेडिओलहर लांब असल्याने जाळीच्या भोकांतून ती निसटत नाही, वारा मात्र निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च पुष्कळच वाचला. गरीब देशाने मोठी दुर्बीण कशी बांधावी, याचा हा धडा आमच्या मते तिच्या शोधांइतकाच मोलाचा आहे. तिच्या साह्याने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतील हायड्रोजन वायूपासून निघालेली लहर पकडली गेल्याचे २०२३ साली जाहीर झाले. वाटेत आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेने ती लहर भिंगाप्रमाणे वाढविली, म्हणून ती हाती लागली. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीस, तेथे विज्ञानप्रदर्शन भरविण्याची प्रथा आहे. पालकांनी मुलांना एकदा तरी अवश्य न्यावे.

यावर कोणी वडीलधारे विचारतील, "याने ऊस वाढतो काय?" वाढत नाही. पण असली यंत्रे येथे घडविली जातात तेव्हा येथील कारागीर व अभियंते सूक्ष्म कामात तयार होतात. शिवाय केवळ पोटापुरतेच पाहावयाचे, तर डोळे एवढे वर वळतात तरी कशाला?

कार्तिक-मार्गशीर्षातील चांदणे नसलेल्या रात्री, प्रथम प्रहरी, डोक्यावरून किंचित उत्तरेकडे पाहावे. देवयानी नक्षत्रसमूहात एक पुसट धुरकट डाग दिसेल. १९२३ साली हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून त्यात एक तेज बदलणारा तारा ओळखला आणि त्यावरून तो डाग आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरला. तिचा प्रकाश २५ लाख वर्षे प्रवास करून आपल्या डोळ्यांत शिरतो. शहरातील दिव्यांखाली मात्र तो डाग दिसत नाही. इंदापूरच्या बाजूस, वस्तीपासून दूर असलेल्या शेताच्या बांधावर तो अजून दिसू शकतो. डोळे अंधारास सरावेपर्यंत वीसेक मिनिटे कंदील झाकून ठेवावा, म्हणजे झाले.