वर्ग भरतो का, ते आधी विचारा

दहावीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. घरीच शिकले, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून पाच विषय घेऊन माध्यमिक परीक्षा दिली आणि पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. घरशाळेतल्या मुलांच्या आई-बाबांना एकच धास्ती असते : आमचं लेकरू चारचौघांत मिसळेल ना? पण मिसळायला आधी चारचौघं वर्गात तर हवीत!

सुरुवातीला बाकं भरलेली असायची. मग जेईई-नीटचे क्लास सुरू झाले आणि वर्ग ओस पडला. कॉलेज आणि क्लासचं ‘टाय-अप’ हा काय प्रकार असतो, हे आमच्या घरी कुणाच्या गावीही नव्हतं. मुलं दिवसभर क्लासला, कॉलेजात हजेरी फक्त कागदावर. विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरी घ्या, असं सरकारने २०१८ मध्ये सांगितलं होतं. आमच्याकडे यंत्र होतं, भिंतीवर.

म्हणून अकरावीच्या प्रवेशाचे पसंतीक्रम भरण्याआधी कटऑफ बघाच, पण तिथल्या बारावीच्या मुलांना गाठून विचारा, ऑगस्टनंतर तासाला किती जण बसतात? कॉलेजच्या कार्यालयात विचारून उपयोग नाही, तिथे सगळे तास नियमितच होतात.

माझ्या ओळखी झाल्या त्या प्रयोगशाळेत. प्रॅक्टिकलला ३० गुण आणि जर्नलवर सही हवीच, त्यामुळे क्लासवाली मंडळीही तिथे उगवायची. टायट्रेशनला माझं द्रावण दर वेळी गडद गुलाबी व्हायचं. शेजारची मुलगी वैतागून म्हणाली, “अगं, थेंब-थेंब सोड, नळ नाहीये तो!” तिचीच रीडिंग उतरवून घेतली आणि पुढे डबाही वाटून खाल्ला. बुजऱ्या मुलांनी प्रॅक्टिकल चुकवू नये, असं मी म्हणते ते गुणांसाठी नाही.

तासाला प्रश्न विचारले की मागून हसू यायचं आणि पुढून “पोर्शन संपवायचाय” असं उत्तर. घरी प्रश्नावरच दुपार जायची, त्यामुळे हे लागलं. नंतर सरांना स्टाफरूममध्ये गाठू लागले. तिथे तेच सर वेगळे माणूस होते, फळा सोडून वहीवर आकृत्या काढून द्यायचे.

लिहिण्याचा सराव मात्र आधीपासून हवा. बारावीचा फिजिक्सचा पेपर ७० गुणांचा, तीन तासांचा. तोंडी समजावून सांगण्यात पटाईत असलेल्या मुलांचा हात दुसऱ्या तासाला भरून येतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रवेशाच्या खिडकीवर “एलसी कुठंय?” असं विचारतील, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. एनआयओएसचं मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट पुढे करा, झेरॉक्स काढून ठेवा, मूळ प्रत देताना पोच घ्या. एनआयओएसऐवजी खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली असेल, तर गुणपत्रिका राज्य मंडळाचीच असते, त्यामुळे ‘हे कुठलं बोर्ड?’ हा प्रश्न तरी वाचतो.