दहाची पाळी साडेतीनला का गेली?

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा हे गाव लागते. या भागात केळीच्या बागा आहेत. केळीची मुळे फार खोल जात नाहीत आणि तिच्या रुंद पानांतून पाण्याची वाफ भरपूर होते. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली की बाग माना टाकू लागते. त्यातच शेतीपंपाची वीज पाळीने मिळते. कधी दिवसा, तर कधी रात्री.

समजा, डोंगरकड्याच्या एका विद्यार्थ्याला विजेच्या या पाळ्या वडिलांच्या मोबाइलमधील गूगल कॅलेंडरवर आणायच्या आहेत. एकेक नोंद हाताने करण्याऐवजी तो पायथन भाषेत एक लहानशी आज्ञावली लिहितो. ती कशी चालेल बरे?

कॅलेंडरच्या नोंदी मोबाइलवर दिसतात, पण त्या साठवलेल्या असतात दूरच्या संगणकावर. त्या संगणकाने बाहेरच्या आज्ञावल्यांसाठी जणू एक खिडकी उघडून ठेवलेली असते. कोणती मागणी करता येईल आणि ती कोणत्या नमुन्यात करायची, याचे नियम ठरलेले असतात. या व्यवस्थेला ‘वेब एपीआय’ म्हणतात.

खिडकीचे सर्व नियम पाठ करणे कष्टाचे असते. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे गृहस्थ तुम्ही पाहिले असतील. कोणता नमुना, कोणते तिकीट, कोणती खिडकी, हे सारे त्यांना ठाऊक असते. ‘क्लायंट लायब्ररी’ हेच काम करते. ती म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संच. ‘इन्सर्ट’ म्हटले की ती नवी नोंद करते, ‘लिस्ट’ म्हटले की नोंदींची यादी आणते, ‘पॅच’ने नोंदीचा काही भाग बदलते आणि ‘डिलीट’ने नोंद काढून टाकते. त्याआधी वडिलांची परवानगी मात्र हवी. ते स्वतः गूगलच्या पानावर संमती देतात. मग आज्ञावलीला एक परवाना मिळतो. पासवर्ड तिच्या हाती द्यावा लागत नाही.

आता विद्यार्थ्याने पुढील नोंद तयार केली:

शीर्षक: मोटारीची पाळी
आरंभ: ४ मे २०२६, २२:०० झेड
शेवट: ५ मे २०२६, ०६:०० झेड

नोंद झाली, काही चूक दाखवली गेली नाही. पण मोबाइलवर पाळी दिसू लागली ५ मेच्या पहाटे ३:३० पासून! वडील या नोंदीवर विसंबून झोपले असते, तर विजेचे साडेपाच तास फुकट गेले असते.

दोष कोठे होता? त्या ‘झेड’मध्ये. इंग्रजीतल्या नमुन्यावरून तो तसाच उतरवला गेला होता. वेळेपुढे झेड लिहिले, की ती जागतिक समन्वित वेळ ठरते. तिचा आधार ० अंश रेखांशावरील वेळ हा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ८२.५ ला १५ ने भागा, ५.५ तास येतात. म्हणून तिकडे २२:०० वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे ३:३० झालेले असतात.

दुरुस्ती सोपी आहे. झेड काढून त्या जागी +०५:३० लिहावे आणि कालविभाग ‘एशिया/कोलकाता’ असा द्यावा. नोंद पुन्हा पुन्हा येणारी असेल, तर कालविभाग देणे सक्तीचेच आहे. एक आठवडा सोडून पाळी येत असेल, तर तिचा नियम असा: आवृत्ती साप्ताहिक, अंतर २, वार सोम ते गुरू, एकूण संख्या ८.

आणखी एक खबरदारी. मोबाइलला रेंज नीट नसेल, तर नोंद पोहोचूनही उत्तर परत येत नाही. आपण पुन्हा पाठवतो, आणि एकाच पाळीच्या दोन नोंदी होतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीला आपणच एक ओळखक्रमांक द्यावा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा गेला, की खिडकीवरून ४०९ हा संकेत येतो. त्याचा अर्थ, ‘ही नोंद आधीच आहे.’ म्हणजे पहिली नोंद पोहोचली होती!

अर्ज लिहिणाऱ्याला आपण चुकीचा गट नंबर सांगितला, तर तोही तो सुवाच्य अक्षरात लिहून देईल. लायब्ररीचेही तसेच आहे. ती कष्ट वाचवते, पण आपल्या मनातली ‘रात्रीची दहा’ तिला कळत नाही. म्हणून पहिली नोंद केली की ती मोबाइलवर उघडून पाहावी, घड्याळाशी ताडावी, आणि मगच पुढच्या नोंदी कराव्यात.

करून पाहा: (१) वरील नियमाने ४ मे २०२६, सोमवारपासून पाळ्या सुरू झाल्या, तर आठवी पाळी कोणत्या रात्री सुरू होईल? (२) डोंगरकडा सुमारे ७७.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. ८२.५ अंश रेखांशाच्या मानाने तेथे सूर्य किती मिनिटे उशिरा डोक्यावर येईल?

उत्तरे: (१) २१ मे, गुरुवार. (२) सुमारे २० मिनिटे.