सात आळ्यांचे नगर

जुन्या पुण्यात तांब्याचे भांडे घ्यावयाचे असले की गिऱ्हाईक तांबट आळीची वाट धरी. सूप किंवा टोपली हवी असली की बुरूड आळी गाठी. परगावाहून आलेला पाहुणाही आळीचे नाव विचारीत विचारीत नेमक्या दुकानी पोहोचे. आळीचे नाव हाच त्याचा वाटाड्या होई. सर्व व्यवसायांची दुकाने सरमिसळ मांडली असती, तर जुन्या रहिवाशाचे एक वेळ निभावले असते. नवखा मनुष्य मात्र दिवसभर भटकत राहिला असता.

जसा वस्तूंचा बाजार, तसाच विचारांचाही बाजार असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस असा एक बाजार संगणकांवर भरू लागला. प्रारंभी त्यात आळ्या नव्हत्या. त्या पुढे कशा आखल्या गेल्या आणि त्या आखताना कोणते वाद उद्भवले, याची कथा बोधप्रद आहे.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस हे दोन विद्यार्थी शिकत होते. दूरदूरच्या संगणकांनी एकमेकांना निरोप पाठवावेत आणि ते सर्वांना वाचता यावेत, अशी कल्पना त्यांच्या मनात आली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन या विद्यार्थ्याने त्यासाठी पहिली छोटी आज्ञावली लिहिली. १९८० साली ही योजना इतर संस्थांपुढे मांडण्यात आली. तिला ‘यूझनेट’ असे नाव मिळाले.

यूझनेटची रीत साधी होती. एका संगणकावर लिहिलेला निरोप दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे जाई, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाई आणि प्रत्येक ठिकाणी त्याची एक प्रत राही. रात्री दूरध्वनीचे दर कमी असत. म्हणून ही देवघेव बहुधा रात्री चाले. निरोप सर्वत्र पोहोचण्यास कधी कधी काही दिवसही लागत. तथापि घरबसल्या शेकडो कोसांवरील अनोळखी माणसाशी गणितावर, संगीतावर किंवा पाककृतींवर चर्चा करता येते, याचे लोकांना मोठे अप्रूप वाटे.

एकेका विषयासाठी एकेक चर्चामंडळ असे. बहुतेक मंडळांच्या नावाचा आरंभ ‘नेट’ या शब्दाने होई. जसे, स्वयंपाकाच्या मंडळाचे नाव ‘नेट.कुक्स’. ज्या मंडळातील निरोप संपादक आधी तपासून मग प्रसिद्ध करी, त्याच्या नावापुढे ‘मॉड’ हा शब्द लागे. मंडळे थोडी होती तोवर हे सर्व सुरळीत चालले. पुढे मंडळांची संख्या भराभर वाढली आणि त्या पद्धतीतील उणीव उघडी पडली. ‘नेट’ आणि ‘मॉड’ या शब्दांवरून निरोप कोणत्या मार्गाने येतो एवढेच कळे. तो कशाविषयी आहे, हे कळत नसे. खगोलशास्त्र, विनोद, धर्मचर्चा आणि संगणकाची दुरुस्ती ही सारी एकाच लांबलचक यादीत दाटीवाटीने बसली होती. नव्याने आलेल्या वाचकाने कोठे डोकवावे, हे त्याला समजत नसे.

दुसरी अडचण खर्चाची होती. निरोपांची वाहतूक करणारे काही मोठे संगणक यूझनेटचा जणू कणा होते. त्यांच्या व्यवस्थापकांना दूरध्वनीचा मोठा खर्च सोसावा लागे. युरोपातील केंद्रांना तर समुद्रापलीकडून निरोप आणण्याचे मोल द्यावे लागे. शास्त्रीय चर्चेसाठी ते पैसे खर्च करण्यास तयार होते. न संपणाऱ्या वादांसाठी नव्हते. परंतु सर्व मंडळे एकाच यादीत असल्यामुळे नको ती वेगळी काढणे अवघड जाई.

अखेर नावांची पद्धतच पालटण्याचे ठरले. संगणक-केंद्राचे एक व्यवस्थापक रिक अ‍ॅडम्स यांनी या कामी पुढाकार घेतला. संपादित मंडळांना ‘मॉड’ हा वेगळा शब्द लावण्याची गरज नव्या आज्ञावलीमुळे उरली नव्हती. जुलै १९८६ पासून मार्च १९८७ पर्यंत, टप्प्याटप्प्याने, मंडळांना नवी नावे देण्यात आली. यूझनेटच्या इतिहासात या घटनेला ‘महान नामांतर’ म्हणतात.

नव्या नगरात सात आळ्या होत्या. संगणकांसाठी ‘कॉम्प’, विज्ञानासाठी ‘साय’, समाज व संस्कृती यांसाठी ‘सॉक’, छंद व करमणूक यांसाठी ‘रेक’, यूझनेटच्या स्वतःच्या कारभारासाठी ‘न्यूज’, वादविवादांसाठी ‘टॉक’ आणि ज्यांना कोठेच जागा नाही अशा विषयांसाठी ‘मिस्क’. स्वयंपाकाचे जुने मंडळ आता ‘रेक.फूड.कुकिंग’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याचा छंदाच्या आळीत खाद्यपदार्थांचा वाडा आणि त्या वाड्यात पाककलेचे दालन, असा पत्ताच त्या नावात आला.

या रचनेचे मर्म असे की, नाव डावीकडून उजवीकडे वाचीत गेले म्हणजे विषय मोठ्याकडून लहानाकडे येतो; जसे आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. पुढे मराठी भाषकांचेही एक मंडळ यूझनेटवर निघाले. त्याचे नाव होते ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’. प्रथम समाज, मग संस्कृती, मग भारतीय आणि शेवटी मराठी! दूरदेशी राहणाऱ्या ज्या मराठी माणसाला असे मंडळ आहे हे ठाऊक नव्हते, त्यालाही या पायऱ्या उतरत तेथवर पोहोचता येई.

परंतु आळ्या आखणे म्हणजे केवळ रेघा ओढणे नव्हे. वादग्रस्त विषय ‘टॉक’ या आळीत एकत्र केल्यामुळे ते शोधणे सोपे झाले. तसेच ते वगळणेही सोपे झाले. एखाद्या केंद्राने ती एक आळी बंद केली की तेथील सर्व मंडळांचा आवाज त्या केंद्रापुरता थांबे. साहजिकच पुष्कळांना राग आला. आमचा विषय विज्ञानात बसतो की वादविवादात, हे ठरविणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. नाव देणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे या प्रसंगी सर्वांच्या ध्यानात आले.

पाककृतींच्या एका संपादित मंडळाचे प्रमुख ब्रायन रीड यांचाही असाच विरस झाला. त्यांच्या मंडळाच्या जुन्या नावाचा अर्थ ‘खवय्या’ असा होता. नव्या व्यवस्थेने त्याला ‘पाककृती’ हे सरळसाधे नाव देऊ केले. ते रीड यांना रुचले नाही. मे १९८७ मध्ये ते, जॉन गिलमोर व गॉर्डन मॉफेट कॅलिफोर्नियातील एका उपाहारगृहात भेटले आणि कण्याच्या व्यवस्थापकांवर अवलंबून नसलेली एक आठवी वाट त्यांनी काढली. तिचे नाव ‘ऑल्ट’, म्हणजे पर्यायी. तेथे नवे मंडळ काढण्यास कोणाच्या संमतीची गरज नव्हती. ही वस्ती झपाट्याने वाढली आणि पुढे मंडळांच्या संख्येत तिने इतरांना मागे टाकले. मात्र ज्यांत कोणीच काही लिहीत नाही अशी कितीतरी ओस मंडळेही तेथे निर्माण झाली. स्वातंत्र्य होते, पण वाट सापडणे पुन्हा कठीण झाले.

सात आळ्यांनीही यातून बोध घेतला. तेथे नव्या मंडळासाठी मतदानाची पद्धत रूढ झाली. मंडळ कशासाठी हवे, हे प्रथम लिहून मांडावयाचे. त्यावर आणि त्याच्या नावावर उघड चर्चा करावयाची. मग मते घ्यावयाची. अनुकूल मते प्रतिकूल मतांहून किमान १०० ने अधिक आणि एकूण मतांच्या निदान दोन तृतीयांश असली, तरच ते मंडळ संमत समजले जाई. ही रीत संथ होती. काहींना ती कंटाळवाणी वाटे. तथापि नाव ठरविण्याचा अधिकार आता मूठभरांच्या हाती उरला नव्हता. १९९५ साली साहित्य, कला यांसारख्या विषयांसाठी ‘ह्युमॅनिटीज’ ही आणखी एक आळी सुरू झाली आणि सातांच्या आठ आळ्या झाल्या.

आज यूझनेटवरील वर्दळ पुष्कळ ओसरली आहे. परंतु तेथे उद्भवलेली अडचण जुनी झालेली नाही. आता घरोघरी भ्रमणध्वनीवर वर्गाची, नातलगांची, गृहसंस्थेची मंडळे चालतात. परीक्षेच्या वेळापत्रकाची सूचना वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दडून जाते आणि एखादा विद्यार्थी तीच गोष्ट चौथ्यांदा विचारतो. त्याला हसणे सोपे आहे. खरा दोष बहुधा त्याचा नसतो. तो नसलेल्या आळीचा असतो.

म्हणून व्यवस्था लावणाऱ्याने दोन गोष्टी स्मरणात ठेवाव्यात. व्यवस्था जाणत्यासाठी नसते, ती नवख्यासाठी असते. ज्याला काहीच ठाऊक नाही त्यालाही वाट सापडली, तरच ती उत्तम. आणि ज्यांची घरे आळीत बसवावयाची, त्यांना विचारल्यावाचून आळीच्या नावाची पाटी लावू नये.

स्वाध्याय

१. ‘नेट’ आणि ‘मॉड’ या शब्दांनी वाचकाची अडचण का दूर होत नसे?
२. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या नावाची रचना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. ‘टॉक’ या आळीचा लाभ कोणता व तिच्यामुळे निर्माण झालेली तक्रार कोणती?
४. ‘ऑल्ट’ची रीत आणि मतदानाची रीत यांतील तुम्हांला कोणती अधिक पटते? कारणे द्या.
५. वर्गातील पुस्तकांच्या कपाटासाठी पाच ‘आळ्या’ आखा. नावे ठरविण्यापूर्वी वर्गमित्रांची मते घ्या आणि कोणत्या पुस्तकाविषयी मतभेद झाला ते लिहा.